अनुदान राहू द्या, ऑर्डरचं बोला

लष्करासाठी नवी वस्तू घडवायला छोट्या कंपन्यांना अनुदान देणाऱ्या, संरक्षण मंत्रालयाच्या 'आयडेक्स' योजनेकडे भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदारांनी जरा गांभीर्यानं बघावं, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर 'करदाता' या नावानं एक सणसणीत प्रतिक्रिया आली. थोडक्यात तिचं म्हणणं असं: ज्यांना बँक दारात उभं करत नाही त्यांचे प्रयोग आमच्या पैशानं का चालवायचे? माल चांगला असेल तर बाजार घेईलच. योजना चालवणारी संस्था एचएएल आणि बीईएल या संरक्षण क्षेत्रातल्या बड्या सरकारी कंपन्यांनी काढलेली, म्हणजे सगळं घरातल्या घरात. आणि लेखक स्वतः असे प्रस्ताव लिहून देतो, तो गोडवे गाणारच. जाता जाता एक प्रश्नही आहे. त्यांच्या भाच्याचं चाकणला बॅटरी पॅकचं युनिट आहे, त्यानं अर्ज करावा का?

करदाते महोदय, कमाईचा मुद्दा आधी उरकतो. हो, मी प्रस्ताव लिहून देण्याचे पैसे घेतो. त्या निमित्तानं लोकांचे ताळेबंद माझ्यासमोर येतात, आणि तुम्ही ज्याला 'फुकटचा पैसा' म्हणता तो किती महाग पडतो ते आकड्यांत दिसतं.

आयडेक्सच्या मूळ स्पर्धेत जास्तीत जास्त दीड कोटी मिळतात. पुढे याच योजनेच्या 'प्राइम' गटात ती मर्यादा १० कोटी झाली, 'अदिती' गटात २५ कोटी. पण गोम अशी की साधारण तेवढाच वाटा कारखानदारानं स्वतः घालायचा असतो. सरकारचा वाटा येतो हप्त्यांनी, एकेक टप्पा पार पडला की. पगार मात्र दर महिन्याला. दीड कोटीचं अनुदान घेणारा माणूस स्वतःचे किंवा कुणाचे तरी दीड कोटी पणाला लावतो, आणि बहुतेक वेळा त्यामागे राहता फ्लॅट गहाण असतो. याला फुकट म्हणायचं तर गृहकर्जालाही म्हणा.

खरं फुकट बघायचं तर अमेरिकेत बघा. तिथे १९८२ च्या कायद्यानं 'एसबीआयआर' योजना आली. ज्या सरकारी खात्याचं बाहेरून करून घ्यायच्या संशोधनाचं बजेट १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्यानं त्यातला ठरावीक हिस्सा (२०१७ पासून ३.२ टक्के) ५०० पर्यंत कामगार असलेल्या कंपन्यांसाठी बाजूला काढायचा. सगळ्यात मोठा वाटा अर्थातच संरक्षण खात्याचा. पहिल्या दोन टप्प्यांत कंपनीला स्वतःचा वाटा घालावा लागत नाही. खर्च तर मिळतोच, वर माफक नफाही धरता येतो. क्वालकॉम आणि आयरोबोट लहान होत्या तेव्हा त्यांनी हे पैसे घेतलेले आहेत. तुम्हाला हवी तशी उधळपट्टीही तिथे सापडेल. माल विकायच्या भानगडीत न पडता वर्षानुवर्षं फक्त संशोधनाची कंत्राटं जिंकत राहणाऱ्या कंपन्या तिथे आहेत, त्यांना तिथले लोक 'एसबीआयआर गिरण्या' म्हणतात. त्यांना चाप लावायला २०२२ मध्ये नियम कडक करावे लागले.

तरीही त्या योजनेतला मला हेवा वाटणारा भाग पैशाचा नाहीच. तिसऱ्या टप्प्यात योजनेचा निधी थांबतो, पण आधीच्या टप्प्यांतून आलेली वस्तू खात्याला हवी असेल तर पुन्हा स्पर्धा न लावता थेट त्याच कंपनीला ऑर्डर देता येते. माझं सगळं म्हणणं या ऑर्डरपाशी येऊन थांबतं.

'बाजार घेईलच' हे पंपाला किंवा मिक्सरला लागू पडतं. सैनिकाच्या रेडिओसाठी उणे तापमानात चालणारा बॅटरी पॅक बनवला, तर तो लक्ष्मी रोडवर मांडून विकता येत नाही. देशात गिऱ्हाईक एकच. खास लष्करासाठी बनवलेला माल परदेशात पाठवायचा तर परवाना लागतो. आणि ते एकुलतं एक गिऱ्हाईक 'आधी बनवून दाखवा, मग बघू' म्हणतं. चाचण्यांच्या पत्रात 'नो कॉस्ट, नो कमिटमेंट' असं स्पष्ट छापलेलं असतं. म्हणजे नमुना तुमचा, ने-आण तुमच्या खर्चानं, आणि पसंत पडला तरी घेऊच असं नाही. अशा धंद्याला बँक कर्ज देत नाही, यात मला बँकेचा दोष दिसत नाही.

आता वेळेचं बघा. उष्णता, थंडी, कंपन, धूळ, पाऊस, या सगळ्या चाचण्या 'जेएसएस ५५५५५' या लष्करी मानकाप्रमाणे चेंबरमध्ये करायच्या. एखादा कनेक्टर कंपनात सैल झाला की डिझाइन बदला, पुन्हा चेंबरची तारीख घ्या. त्यातून सुटलात की मैदानी चाचण्या. राजस्थानातला उन्हाळा हुकला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा, लडाखच्या थंडीचंही तेच. दरम्यान ज्यानं सुरुवातीपासून तुमच्या वस्तूत रस घेतला, त्या अधिकाऱ्याची बदली झालेली असते. नवे साहेब म्हणतात, वजन थोडं कमी करता येईल का? माझ्या ओळखीतला एक जण नेमका इथेच बुडाला. नमुना पास झाला होता, अनुदान पूर्ण मिळालं होतं. ऑर्डर यायच्या आत त्याचे दोन्ही चांगले इंजिनिअर पगारापायी निघून गेले.

म्हणून तुमचा राग मला पटतो, फक्त तो चुकीच्या खिडकीवर निघतोय. २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत आयडेक्समध्ये वस्तू विकसित करायचे ४३० करार झाले होते. त्याच सुमाराच्या सरकारी आकड्यांनुसार प्रत्यक्ष खरेदीचे करार ४३ वस्तूंचे, किंमत २,४०० कोटींच्या वर. सगळे करार एकाच वयाचे नाहीत, तेव्हा थेट भागाकार करणं अन्यायाचं होईल. तरी विचारायचा प्रश्न हाच: उरलेल्यांचं काय झालं, आणि किती महिन्यांत? खरेदीच्या मंजुरीपासून करारापर्यंत साधारण २२ आठवडे, असं २०२२ मध्ये ठरलं आहे. पण ती मंजुरी मिळेपर्यंतचा काळ त्या २२ आठवड्यांत येत नाही. करदाता म्हणून माहितीचा अधिकार वापरायचाच असेल तर इथे वापरा.

एचएएल-बीईएलची शंका रास्त आहे. ज्या मोठ्या कंपनीशी उद्या स्पर्धा करायची, तिनंच काढलेल्या संस्थेच्या दारात आज जायचं, हे विचित्रच. पण 'आम्हाला हे हवंय' अशी गरज मांडणाऱ्यांत लष्कर, नौदल, हवाई दलही असतात. प्रस्ताव निवडताना मी आधी बघतो की गरज कुणी मांडली आहे. वापरणारा स्वतः विचारत असेल तरच पुढे जावं.

पुण्यापुरती एक गोष्ट मात्र तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. शिवाय संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओच्या प्रयोगशाळा: पाषाणला शस्त्रांची एआरडीई आणि स्फोटकांची एचईएमआरएल, दिघीला लष्करी अभियांत्रिकीची आर अँड डीई. पिनाक रॉकेटवर पाषाणच्या या दोन्ही प्रयोगशाळांचा हात आहे. अशा कामांचे सुटे भाग इथल्या शॉप्सनी पिढ्यान् पिढ्या केले, पण जॉबवर्क म्हणून. ड्रॉइंग साहेबांचं, मटेरियल साहेबांचं, आपला फक्त मशीन-अवरचा रेट. तो रेट दर वर्षी कुणीतरी खाली पाडतो. इंजिनचे भाग करणाऱ्यांना तर इलेक्ट्रिक गाड्यांची धास्ती वेगळीच. अशा शॉपमध्ये स्वतःचं ड्रॉइंग करायला, ते फसलं तर पुन्हा करायला कुणी पैसे देतंय, हे पुण्यात फार कमी वेळा झालंय. कंपनात न सुटणारा कनेक्टर उद्या ॲम्ब्युलन्समध्येही बसतो.

आता तुमचा भाचा. दोन वर्षांचे पगार दुसऱ्या कामातून निघत असतील तरच त्यानं अर्ज करावा. एकट्या लष्करावर युनिट चालवू नये. फॉर्म भरण्याआधी तो पॅक प्रत्यक्ष वापरणारं युनिट शोधावं आणि सध्याचा पॅक कुठे दगा देतो ते त्यांच्याकडून ऐकावं. सेल आयात असतील तर कुठल्या देशाचे, हे आत्ताच तपासावं, तो प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो. डीआरडीओची 'टीडीएफ' (तंत्रज्ञान विकास निधी) योजनाही बघावी. तिथे प्रकल्पाच्या खर्चाचा ९० टक्क्यांपर्यंत वाटा मिळतो, मर्यादा ५० कोटी. पण बौद्धिक संपदेत डीआरडीओ भागीदार असते, तेव्हा सही करण्याआधी ते कलम वकिलाकडून वाचून घ्यावं, सीएकडून नव्हे.