समुद्र मोठा आहे हो, पण बोया तेवढ्याच असतात

गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय, मला तिघांनी पाठवला, त्यात एक माझा मावसभाऊ, ज्याला मांडव्याच्या बोटीत सुद्धा उलटी होते. मजकुराचा सारांश असा: ऑफशोअर पॉवरबोट रेसिंग, म्हणजे समुद्रातली इंजिनाच्या वेगवान बोटींची शर्यत, मरायला टेकलंय कारण प्रो, म्हणजे पगारी रेसर, वेगळे आणि हौशी वेगळे असे क्लास पाडून ठेवलेत, त्यामुळे प्रत्येक रेसला चार-सहा बोटी दिसतात. सगळ्यांना एकाच वेळी एकाच कोर्सवर सोडा. समुद्र काय लहान आहे का? पूर्वी असंच चालायचं, ले मॉंच्या चोवीस तासांच्या कार रेसला आजही चालतं, नवखे मोठ्यांसोबत धावून शिकतात आणि खर्चही वाचतो. खाली हात जोडलेले इमोजी.

मी रेसर नाही, आधीच सांगतो. मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हला पी-वन पॉवरबोटची रेस झाली होती, तेव्हा कट्ट्यावर उभं राहून बघितली आणि तेव्हापासून जे वेड लागलं ते लागलं. तर एकेक मुद्दा घेऊ, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण काही मुद्दे तेवढ्या लायकीचे नाहीत.

"समुद्र मोठा आहे." हा सगळ्यात जास्त पटणारा आणि सगळ्यात चुकीचा मुद्दा. समुद्र मोठा आहे, रेस कुठे मोठी आहे? आताच्या बहुतेक रेस किनाऱ्याजवळ होतात, लोकांना आणि कॅमेऱ्याला दिसायला पाहिजे म्हणून, आणि कोर्स म्हणजे ठरावीक बोयांभोवती, म्हणजे पाण्यात तरंगत्या खुणांभोवती, लॅप मारायचे. जिथे वळायचं तिथेच सगळे येणार, आतल्या बाजूने कमी अंतर पडतं म्हणून सगळ्यांना आतली बाजूच हवी असते. म्हणजे अरबी समुद्र अख्खा मोकळा असला तरी भांडण त्या एका बोयाच्या पन्नास मीटरवरच.

आता वेग बघा. क्लास वन हा सगळ्यात वरचा क्लास, त्यातली कॅटामरान, म्हणजे दोन हलची, दोन लांब तळांची बोट, ताशी २५० किलोमीटरच्या आसपास जाते. अमेरिकेत ब्रॅकेट क्लास असतात, प्रत्येकाला कमाल वेग नेमून दिलेला, हौशी लोक जास्त करून तिथेच दिसतात; त्यातल्या एकाची मर्यादा ताशी ७५ मैल, म्हणजे साधारण १२० किलोमीटर. फरक १३० चा. म्हणजे मागून येणारी बोट दर सेकंदाला ३६ मीटरने जवळ येते, लोकलचे जवळजवळ दोन डबे, बारा डब्यांची अख्खी गाडी सात सेकंदांत संपली. आणि बोटीला ब्रेक नसतो. हे लोक विसरतात. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, मागे घेतला की बोट पाण्यात बसते आणि हळू होते, पण ते बसणं जोरात केलं तर नाक पाण्यात घुसायची भीती.

अजून एक हिशोब करून बघा, हा माझा कागदावरचा आहे, कुठल्या खऱ्या रेसचा नाही. वेगवान बोटी ८, हळू बोटी १०, वेग दुप्पट. वेगवान बोट दहा लॅप मारते तेव्हा हळू बोट पाच मारते, म्हणजे प्रत्येक वेगवान बोट प्रत्येक हळू बोटीला चार-पाच वेळा ओलांडणार. आठ गुणिले दहा गुणिले पाच, एका रेसमध्ये चारशेच्या आसपास ओव्हरटेक, तेही उडणाऱ्या पाण्यातून, जिथे पुढचं नीट दिसत नाही आणि मागचं तर काहीच नाही.

बरं, नुसतं धडकणंच नाही. हळू बोट मागे लाट सोडून जाते ना, ती बोट निघून गेल्यावरही काही वेळ तिथेच असते. कॅटामरानच्या दोन हलच्या मध्ये बोगदा असतो, त्यात हवा शिरते आणि ती हवाच बोटीला उचलून धरते, म्हणून तर ती एवढी पळते. आता ती तिरकी येऊन अशा लाटेवर चढली, एक बाजू वर गेली, बोगद्यात जास्त हवा घुसली, की बोट पतंगासारखी मागे उलटते. त्याला ब्लोओव्हर म्हणतात. समोरच्या हौशी माणसाला पत्तासुद्धा नसतो की आपल्या मागे काय झालं.

आणि मुंबईकराने तर "समुद्र मोठा आहे" हे बोलूच नये. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट इंजिनाची चाचणी चालू असताना धडकली, १५ माणसं गेली. तिथे ना रेस होती ना बोया. भर दुपारी, मोकळ्या पाण्यात.

"पूर्वी असंच चालायचं." हो चालायचं, खोटं नाही. पण पूर्वी म्हणजे कसं? अमेरिकेतल्या मायामीहून बहामाजमधल्या नासाऊला जायची रेस घ्या. १९६० साली डिक बर्ट्रामची मॉपी ही ३१ फुटी बोट, रे हंट या डिझायनरच्या डीप-व्ही, म्हणजे खोल व्ही आकाराच्या तळाच्या, डिझाइनची, खवळलेल्या समुद्रात आठ तासांत नासाऊला पोचली. दुसरी बोट दोन तासांनी आली, ती पण हंटचीच डिझाइन, आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी. सरासरी वेग काढला तर ताशी ३५-४० किलोमीटर, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या स्कूटीएवढा. कुठे आहे इथे मागून येणारी बोट? ही एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायची रेस होती, लॅपच नाहीत, जो वेगवान तो पुढे गेला तो गेला, परत भेटतच नाही. १९६१ ला सुरू झालेली इंग्लंडची काउज-टॉर्की पण तशीच, पहिली रेस टॉमी सॉपविथने थंडरबोल्टमधून जिंकली. आणि याच रेसच्या आयोजकांनी पुढे काय केलं, तर लहान आणि हळू बोटींसाठी काउज ते पूल नावाचं गाव आणि परत काउज असा जवळचा वेगळा कोर्स ठेवला. जुन्या काळाचा दाखला द्यायचा तर तो पूर्ण द्या ना.

"ले मॉंला चालतं की." इथे मला जरा हसू आलं कारण ले मॉं हे उदाहरण उलट माझ्याच बाजूचं आहे. तिथे हौशी ड्रायव्हरला ब्रॉंझ असा दर्जा देतात, आणि तो ब्रॉंझवाला सगळ्यात वेगवान हायपरकारमध्ये बसूच शकत नाही. जीटी-थ्रीसारख्या हळू गटातल्या गाडीत बसतो, आणि त्याच गाडीत त्याचे जास्त वरच्या दर्जाचे जोडीदार आळीपाळीने चालवतात. वेगाचा फरक किती, तर हायपरकारचा चांगला लॅप साडेतीन मिनिटांच्या आत आणि जीटी-थ्रीचा चारच्या आत. दुप्पट नाही, पंधरा टक्क्यांच्या आसपास. शिवाय रस्ता जागचा हलत नाही, ठरावीक अंतरावर मार्शल निळा झेंडा घेऊन उभा, मागून वेगवान गाडी येतेय हे सांगायला, हळू गाडीने आपली लाइन सोडायची नाही हा नियम. पाण्यावर लाइन कुठली? पहिल्या लॅपला जिथून गेलात तिथे दुसऱ्या लॅपला तुमच्याच बोटीने केलेला खळगा असतो.

"नवखे शिकतात." शिकतात, पण कसे ते बघा. त्या मरीन ड्राइव्हच्या रेसमध्ये सगळ्या बोटी एकसारख्या होत्या, २८ फुटी पॅंथर, मागे २५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, प्रत्येकीत दोन माणसं. कार रॅलीवाला गौरव गिल आणि डकार रॅलीत मोटारसायकल चालवणारा सी. एस. संतोष या दोघांनाही बोटीत बसवलं होतं, अनुभवी रेसरच्या जोडीला. दोघं आपापल्या खेळात मोठे, पाण्यावर नवखे. समोरच्याकडे तुमच्याएवढंच इंजिन असेल तर तो बोयाला कधी वळतो, लाट कशी घेतो ते डोळ्यासमोर दिसतं, म्हणून शिकायला होतं. शंभर-सव्वाशे किलोमीटरने जास्त जाणारा माणूस बाजूने गेला तर काय शिकणार, फवाऱ्याची चव?

खर्चाचा मुद्दा मात्र बरोबर आहे, तो देऊन टाकतो. हेलिकॉप्टर, डायव्हर, गस्तीच्या बोटी, बंदराची परवानगी हे सगळं दोनदा करायला कुणालाच परवडत नाही. पण त्यासाठी एकच वीकेंड पुरतो, एकच वेळ कशाला पाहिजे? सकाळी हळू क्लास, दुपारी मोठे, किंवा हळू बोटींना आतला छोटा कोर्स. आणि डायव्हर वाचवायचेच असतील तर एकाच वेळी दोन बोटी उलट्या होण्याची सोय करू नका, कारण बंद कॉकपिटमध्ये उलटा लटकलेला माणूस आणि उघड्या बोटीतून दूर फेकला गेलेला माणूस, दोघांकडे एकदम जायला हेलिकॉप्टर एकच असतं.

आता मला खरं खुपतंय ते वेगळंच. या मजकुरात आणि त्याला विरोध करणाऱ्यांमध्ये पण सगळे "प्रो आणि हौशी" यावरच भांडतायत. ऑफशोअरमध्ये ही भिंत बोटीच्या आतच पडलेली असते! मोठ्या बोटीत दोन माणसं बसतात, एक स्टिअरिंग धरतो आणि एक थ्रॉटल. कितीतरी टीममध्ये स्टिअरिंगवर मालक असतो, ज्याचा धंदा दुसराच काहीतरी, आणि थ्रॉटलवर पगारी, मुरलेला माणूस. खरी कला थ्रॉटलवाल्याची. बोट लाटेवरून उडाली की प्रॉपेलर हवेत मोकळा गरगरतो, त्या क्षणी थ्रॉटल मागे ओढायचा आणि टेकताना बरोबर वेळेला परत द्यायचा, नाहीतर गिअर गेलाच म्हणून समजा. तासभर हेच, प्रत्येक लाटेला. मग ही बोट प्रो की हौशी? डॉन जॉन्सन, तो टीव्हीवरचा नट, १९८८ ला सुपरबोट क्लासचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. स्टेफानो कासिरागी व्यावसायिक होता म्हणजे धंदा करणारा या अर्थाने, रेसिंग हा त्याचा धंदा नव्हता, तरी वर्ल्ड चॅम्पियन, आणि ३ ऑक्टोबर १९९० ला मोनॅकोजवळ तोच किताब राखताना बोट उलटून गेला. पाण्याने लायसन्स बघितलं नाही.

म्हणून क्लास पाडायचे तर वेगावर पाडा, आणि अमेरिकेतल्या ब्रॅकेट क्लासमध्ये तेच करतात. कोण पगारी आणि कोण हौशी हे कुणी विचारत नाही, बोटीवर जीपीएस बसवतात आणि नेमून दिलेल्या वेगाच्या वर गेलात की जिंकलेली रेस पण हातातून जाते. मावसभावाला हे सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे जोरात गेलं म्हणून हरवतात? ही कसली रेस?" त्याला म्हटलं ये एकदा, मांडव्याला जाऊन येऊ, येताना बोलू.