‘नावं वाचायला कोण बसतंय?’ : सदाशिवपेठी यांना उत्तर

सदाशिवपेठी, नमस्कार.

चित्रपटांच्या टायटल्सवरच्या, म्हणजे सुरुवातीला नावं दाखवणाऱ्या भागावरच्या, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. टायटल्सची नक्षी म्हणजे वेळकाढूपणा, ‘स्किप’चं बटण उगाच नाही दिलेलं, हा एक मुद्दा. लेखात सगळे अमेरिकन, एक मराठी नाव नाही, हा दुसरा. दुसरा बिनशर्त मान्य. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत काढलेली अक्षरं बघत आमची पिढी मोठी झाली, आणि मी लिहिलं टायटल्स करणाऱ्या अमेरिकन सॉल बासवर. चुकलंच.

पहिल्यावर मात्र भांडणार.

तुमचंच मत १९५५ साली अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांचंही होतं. मखमली पडदा बंद असतानाच ते त्यावर टायटल्स उरकून टाकत. म्हणून ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’च्या रिळांच्या डब्यांवर सूचना लावावी लागली, की आधी पडदा सरकवा, मग टायटल्स लावा. बासने केलेल्या त्या टायटल्समधल्या पांढऱ्या पट्ट्यांचा शेवटी एक वेडावाकडा हात होतो. गोष्ट व्यसनात अडकलेल्या माणसाची आहे, हे एकही संवाद न होता कळतं.

आणि ‘नावं कोण वाचतंय’ म्हणता, तर ‘सेव्हन’ (१९९५) पुन्हा लावा. त्याची टायटल्स करणाऱ्या काइल कूपरने नावं हाताने फिल्मवर ओरखडून काढली. मध्ये मध्ये कुणीतरी वह्या शिवतंय, फोटो कापतंय. तोच खुनी. चित्रपटात तो बऱ्याच उशिरा येतो, पण त्याचं काम आपण टायटल्सच्या दोन मिनिटांतच बघितलेलं असतं. आता गंमत बघा: त्या नटाचं नाव सुरुवातीच्या यादीत मुद्दाम ठेवलेलंच नाही. (कोण ते सांगत नाही, शोधा.) नावं कुणी वाचतच नसतं, तर एक लपवायची गरज काय होती?

बरं, परदेश सोडा. दूरदर्शनवरच्या ‘मालगुडी डेज’च्या टायटल्समधली आर. के. लक्ष्मणांची चित्रं आणि एल. वैद्यनाथनची धून यांतलं काही तुम्ही स्किप कराल? तेव्हा बटण नव्हतं हे खरं, पण घरातला कुणी उठत नव्हता हेही खरं. आणि लक्ष्मण शेवटी पुणेकरच झाले, तेव्हा हे उदाहरण तुम्हाला चालायला हरकत नाही.

एका रात्रीत सहा भाग बघताना मीही स्किप करतो, ते कबूल. आणि आपल्या मराठी चित्रपटांत ‘विशेष आभार’च्या पाट्या संपता संपत नाहीत, तिथे मी तुमच्याच बाजूला.

पण मागच्या वर्षी आमच्या सोसायटीतला एक मुलगा एका चित्रपटाला सहायक होता. त्याचं नाव शेवटच्या यादीत येणार म्हणून आजी-आजोबांसकट अकरा जण थिएटरात बसलो होतो. यादी सुरू झाली तसे दिवे लागले, दारं उघडली, झाडूवाले आत आले. नाव यायच्या आधीच प्रोजेक्टर बंद. आजी बाहेर पायऱ्यांवर विचारत होत्या, “मला दिसलं नाही, तुम्हाला दिसलं का रे?”