पावागड रूपांतरित खडकाचा नाही

बडोद्याजवळच्या पावागड डोंगराबद्दल तिथल्या मराठी मंडळींत एक मेसेज फिरतोय: ‘पावागडचा दगड वितळला, थंड झाला आणि रूपांतरित खडक बनला.’ हे साफ चूक आहे, आणि मुलं परीक्षेत हेच लिहून येतील म्हणून हा खुलासा. वितळलेला रस थिजून बनतो तो अग्निजन्य खडक. पावागड तसाच: बेसॉल्ट, माथ्याकडे रायोलाइट, दोन्ही लाव्हारस थिजून बनलेले खडक. रूपांतरात खडक वितळतच नाही. जमिनीत खोलवर, दाबाखाली आणि साधारण २०० अंशांपुढच्या उष्णतेत, घन असतानाच त्यात नवे स्फटिक बनतात. चुनखडकाचा संगमरवर होतो, वालुकाश्माचा क्वार्टझाइट. क्वार्टझाइट बघायचा तर गडाच्या आसपासच्या चांपानेर पट्ट्यात जा. क्वार्टझाइट फुटतो तेव्हा भेग कणांना वळसा घालत नाही, थेट कणांमधून आरपार जाते.