वळलेल्या कागदांवर यंत्र थांबते, या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या स्कॅनरला दोन तारे देताना आपण तीन तक्रारी लिहिल्या आहेत. पतसंस्थेची जुनी कर्जप्रकरणे घालताना यंत्र वारंवार थांबते, निम्म्या किमतीचे ऑफिसातले झेरॉक्स-प्रिंटर-स्कॅनर असे एकत्रित यंत्र याहून भराभर कागद ओढते, आणि पुढचा-मागचा ट्रे उघडला की आमचे यंत्र अख्खे टेबल अडवते. आपण जे पाहिले ते तसेच आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र वळलेला जुना कागदही न फाटता, न चुरगळता आणि एकेकच आत जावा, या एकाच निर्णयातून या तिन्ही गोष्टी आल्या आहेत, आणि तो आम्ही का घेतला हे आपल्याला, तसेच आपला अभिप्राय वाचून खरेदीचा विचार करणाऱ्यांना कळावे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आपण सोबत जोडलेल्या छायाचित्रात टाइप केलेल्या पातळ कार्बन प्रती, लेझर प्रिंटरवर छापलेली मंजुरीपत्रे आणि रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या वचनचिठ्ठ्या एकाच गठ्ठ्यात दिसतात. कागदाचा तंतू ओलावा घेतो तेव्हा लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र चांगलाच फुगतो. आणि कारखान्यात बहुतेक तंतू एकाच दिशेने आडवे पडत असल्यामुळे कागद त्या दिशेला समांतर अशा अक्षाभोवती गोल होतो. लेझर प्रिंटरमध्ये तापलेल्या रोलरखालून जाताना त्याचा ओलावा उडतो आणि पुढे कोकणातल्या पावसाळी हवेत तो दोन्ही बाजूंनी सारखा परत येत नाही. स्टॅम्पखालचा डिंक सुकताना आकसतो आणि तेवढाच कोपरा द्रोणासारखा वर येतो. अशा गठ्ठ्यात कोणत्याही दोन कागदांचा बाक सारखा नसतो, आणि खरी अडचण तीच आहे.

एकत्रित यंत्रात जागा वाचावी म्हणून वरच्या ट्रेमधला कागद आत अर्धवर्तुळात वळवून खालच्या ट्रेमध्ये सोडतात. सपाट, कोऱ्या कागदाला ते चालते. पण लांबीच्या बाजूने पन्हळीसारखा वळलेला कागद त्या दिशेत ताठ झालेला असतो. त्याला आडवे वळायला लावले की तो अडतो किंवा मध्येच चुरगळतो. म्हणून आम्ही कागदाचा मार्ग सरळ ठेवला, आणि टेबल अडते ते त्यामुळेच. आत शिरण्याचे तोंड रुंद ठेवून पुढे हळूहळू अरुंद केले आहे. जिथे खालच्या दोन पत्र्यांचा जोड येतो तिथे पुढचा पत्रा मागच्यापेक्षा किंचित खाली बसवला आहे, कारण नखाएवढी पायरी उलटी राहिली तरी वळलेली कड नेमकी तिथेच अडकते. कागदाची पुढची कड दुसऱ्या रोलरजोडीत पक्की धरली जाईपर्यंत मोटर मुद्दाम संथ चालते. मिनिटाला किती पाने, हा आकडा आमच्या यंत्राचा कमी दिसतो तो इथे.

आता थांबण्याविषयी. गठ्ठ्यातून एकच कागद सुटावा यासाठी रोलर आणि कागद यांच्यातले घर्षण दोन कागदांमधल्या घर्षणापेक्षा जास्त असावे लागते. बाक आलेल्या गठ्ठ्यावर रोलर फक्त फुगवट्याला टेकतो आणि पकड सुटते. तिथे दाब वाढवणे हा सोपा उपाय आहे, पण त्याने पातळ कार्बन प्रत फाटते किंवा दोन कागद एकदम आत जातात. दोन कागद चिकटून गेले तर खालच्याचे चित्र येत नाही, कोणाला ते कळतही नाही, आणि जामीनदाराच्या सहीचे पान नाही हे वसुलीच्या दाव्यात वकील कागद मागतात तेव्हा उघड होते. आमचे यंत्र हलक्या दाबाने पुन्हा उचलून पाहते आणि तरीही कागद सुटला नाही तर थांबते. कर्जप्रकरणांसाठी हेच योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ही व्यवस्था आम्ही बदलणार नाही.

वचनचिठ्ठ्यांवर होणारा थांबा मात्र आपण टाळू शकता. दोन कागद एकत्र गेले का हे ध्वनिलहरींचा सेन्सर ओळखतो. दोन थरांमध्ये हवा असली की आवाज पलीकडे क्षीण पोहोचतो, आणि चिकटवलेला स्टॅम्पही त्याला कधी दुसऱ्या कागदासारखा वाटतो. सेटिंगमध्ये कागदाच्या त्या कोपऱ्यापुरता सेन्सर बंद ठेवता येतो. उरलेल्या पानावर तो चालूच राहतो.

दुसरे असे की, आपल्याकडचे मॉडेल ए-३ रुंदीचे आहे. लांबीच्या बाजूने वळलेला ए-४ कागद उभा न घालता आडवा घाला, म्हणजे वळलेली लांब कड सरळ रेषेत पुढे येईल. फुगवटा वरच्या बाजूला ठेवा. चित्र सॉफ्टवेअर आपोआप सरळ करते, आणि २९७ ऐवजी २१० मिलिमीटरच ओढायचे असल्यामुळे वेळही वाचतो. गठ्ठा लहान घ्या. शक्य असल्यास रुमालातून सोडलेली दप्तरे आदल्या दिवशी त्याच खोलीत सपाट फळीखाली वजन ठेवून राहू द्या. काही मंडळी कागदांना इस्त्री करतात. कृपया तसे करू नका, लेझर छपाईची पूड वितळून शेजारच्या पानाला चिकटते. थर्मल कागदाच्या पावत्या पारदर्शक पाकिटात घालूनच द्याव्यात, आणि घडीवर तुटू लागलेली पाने सपाट काचेच्या स्कॅनरवरच घ्यावीत. कोणत्याही ओढणाऱ्या यंत्रात ती घालू नयेत.

पुढील आठवड्यात आमचा तंत्रज्ञ आपल्याच गठ्ठ्यावर यंत्राची जुळणी करून देईल, त्याचे शुल्क घेतले जाणार नाही. आपले काम प्रामुख्याने नव्या, सपाट कागदांचे असेल तर हे यंत्र आपल्यासाठी नाही. तसे आढळल्यास खरेदीच्या अटींनुसार आम्ही ते परत घेऊ.

एक विनंती. आपण जोडलेल्या छायाचित्रात कर्जदारांची नावे आणि सह्या स्पष्ट वाचता येतात. अभिप्राय आहे तसाच राहू द्यावा, पण ते छायाचित्र कृपया आजच काढून टाकावे.

आपला,
संचालक