खेळण्यातली करवत? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: घरगुती वर्कशॉपसाठी मी सव्वाआठ इंची पात्याचा, उचलून ठेवता येणारा टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्यावर लाकूड सरकवून कापायची करवत) सुचवला, म्हणजे नवशिक्याच्या हाती खेळणं दिलं. घ्यायचा तर एकदाच, दहा इंची, बिडाच्या टेबलाचा कॅबिनेट सॉ (मोटर बंद पेटीत असलेला, एका जागी रोवलेला जड सॉ) घ्यावा. आणि रायव्हिंग नाइफवर (पात्याच्या लगेच मागे उभी असलेली, चिरलेलं लाकूड मागच्या दातांवर चढू न देणारी पातळ पट्टी) दोन परिच्छेद कशाला, ‘तो सगळेच दुसऱ्या दिवशी काढून ठेवतात’.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘वजनाने फारसा फरक पडत नाही’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. पडतो. लांब फळी पात्यापलीकडे गेली की हलका सॉ मागे कलतो, आणि नेमकं तेव्हाच माणूस घाईने फळी दाबायला जातो. दुसरं म्हणजे छोट्या सॉच्या टेबलावर पात्याच्या अलीकडे जागाच कमी असते. रुंद फळी आडवी कापायची तर मायटर गेज (टेबलाच्या खाचेतून सरकणारा, फळीला काटकोनात धरणारा आधार) सुरुवातीला अर्धं टेबलाबाहेर लोंबकळतं. पहिल्यावर उपाय आहे: सॉ जड बैठकीला बोल्टने आवळायचा आणि मागे त्याच उंचीचा आधार ठेवायचा. दुसऱ्यावर मी स्लेड, म्हणजे फळी वर ठेवून त्याच खाचेतून सरकवायचा पाट, वापरतो, पण तो तडजोडीचाच भाग.

आता जागेचं बोलू. प्लायवूडचं आख्खं शीट २४४० मिलिमीटर लांब. ते टेबल सॉवर चिरायचं तर पात्याच्या अलीकडे अडीच मीटर आणि पलीकडे अडीच मीटर मोकळं हवं, शिवाय तुम्हाला उभं राहायला जागा. बारा बाय दहाच्या खोलीत हे होणारच नाही, मग सॉ कितीही भारदस्त असो. तिथे शीट जमिनीवर थर्मोकोलवर टाकून, सरळ पट्टी लावून हातातल्या सर्क्युलर सॉने आधी तुकडे करायचे आणि टेबल सॉवर फक्त अखेरचं माप काढायचं. एवढ्या कामासाठी दोनशे किलोच्या पुढचं धूड खोलीच्या मधोमध रोवलं, तर तुम्ही त्याच्याभोवती अंग चोरून फिरणार. मोटरचं म्हणाल तर कॅबिनेट सॉची इंडक्शन मोटर शांत आणि दमदार असते, यात वादच नाही. छोट्या सॉची युनिव्हर्सल मोटर कान किटवते. पण चोवीस दातांचं पातळ पातं लावून, घाई न करता सरकवलं, तर घरगुती कामाचं लाकूड ती चिरते. साठ मिलिमीटरच्या वरचं सागवान किंवा शिसम रोज चिरणार असाल तर मात्र तुमचाच सल्ला खरा. एवढ्या जाडीला सव्वाआठ इंची पातं मुळात जेमतेमच पुरतं.

माझा खरा मुद्दा फेन्सचा, म्हणजे फळी टेकवून सरकवायच्या, पात्याला समांतर आडपट्टीचा होता आणि त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. दुकानात पाच मिनिटं मागून घ्या. प्लग काढलेला असू द्या. पात्याच्या एका दातावर पेनने खूण करा. मायटरच्या खाचेला गुण्या टेकवून त्याची पट्टी त्या दाताला जेमतेम शिवेल अशी लावा. पातं हाताने फिरवून तोच दात मागे आणा, गुण्याही मागे सरकवा. तिथे फट दिसली किंवा पट्टी अडली, तर पातं खाचेला समांतर नाही. मग फेन्स दहा सेंटिमीटरवर लावून आवळा, पात्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकाशी अंतर मोजा, ढिला करा, सरकवा, परत तिथेच आवळा. असं पाच वेळा. दर वेळी वेगळं माप येत असेल, किंवा मागचं टोक बोटाने ढकलल्यावर हलत असेल, तर तो सॉ तिथेच सोडून या. पातं समांतर करता येतं. लेचापेचा फेन्स जन्माची डोकेदुखी.

आणि रायव्हिंग नाइफ. हो, काढतात लोक. मीही काढला होता, उथळ खाच पाडताना पात्यावरचं झाकण आडवं येत होतं म्हणून. खाच झाली आणि तो परत लावायचा राहिला. पुढचाच तुकडा हातभर लांब-रुंद, जवळपास चौकोनी प्लाय. कापत आला तसा फेन्सपासून जरासा फिरला आणि मागच्या दातांवर चढला. पात्याचे पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे मात्र वर येत असतात आणि सापडेल ते तुमच्याकडे भिरकावतात. मिनिटाला ४,००० फेरे घेणाऱ्या दहा इंची पात्याच्या टोकाचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास भरतो. तुकडा पोटाला घासून मागच्या दारावर आदळला. दाराला खोक पडली, पोटावरचा वळ पंधरा दिवस होता. मी पात्याच्या रेषेत उभा नव्हतो म्हणून एवढ्यावर भागलं. बोट लागताच पातं थांबवणारा सॉस्टॉपसारखा ब्रेकही इथे कामाचा नाही, कारण बोट लागलेलंच नव्हतं.

म्हणून दोन परिच्छेद. खाच पाडताना न काढता नुसता खाली सरकवता येईल असा नाइफ हवा, आणि त्याची जाडी पात्याच्या चिरेपेक्षा (दातांनी पडणाऱ्या कापाच्या रुंदीपेक्षा) कमी पण पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त हवी. पातळ पातं घेताना हे बघायचं राहून जातं. मग फळी नाइफवर अडते, माणूस वैतागतो आणि तो काढून टाकतो. तुमचे ‘सगळेच’ बहुधा असेच तयार झाले असावेत.

‘तुम्ही स्वतः तरी असला सॉ वापरता का?’ असं शेवटी विचारलंय. वापरतो. वजनाबद्दलचं ते वाक्य आज मूळ लेखातून काढलं आहे.