उताणा पडलाय म्हणून त्याला हात लावू नका

परवा रात्री साडेअकराला बहिणीचा मेसेज आला: ‘दादा, तुझी मोठी उताणी पडलीय, पाय वर. पाणी शिंपडून सरळ करू का?’ मी दोन दिवस बाहेर होतो आणि माझे ९ टॅरँट्युला, म्हणजे पाळलेले मोठे केसाळ कोळी, तिच्या भरवशावर. फोन करून आधी ओरडलो, ‘कशालाच हात लावू नकोस!’ मग कळलं की अक्कल तिची नव्हती. ‘टॅरँट्युलाची ५ भयंकर सत्यं’ नावाची जी पोस्ट फिरतेय, तिच्यातली होती. मलाही ती चौघांनी पाठवलीय, तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

सत्य पहिलं म्हणे: कोळी उताणा पडला की मरतोय. लगेच सरळ करा, पाणी मारा, तासाभरात हलला नाही तर फेकून द्या.

बाकीच्या चार सत्यांनी माणूस नुसता घाबरतो. याने मुकं जनावर मरतं. उताणा पडलेला टॅरँट्युला बहुतेक वेळा कात टाकत असतो. त्याआधी कित्येक दिवस तो खाणं सोडतो, मग रेशमाचं अंथरूण विणून त्यावर पाठ टेकतो. पाठीचं कवच डब्याच्या झाकणासारखं सुटतं आणि ओल्या पँटीतून पाय उपसावेत तसे तो आठही पाय उपसून काढतो. काही तासांचं काम आहे हे. नवी कातडी तेव्हा इतकी मऊ असते की बोटाच्या धक्क्यानेही फाटू शकते. सुळेसुद्धा पांढरे, लिबलिबीत. ते लालसर होऊन काळे पडेपर्यंत खायला द्यायचं नाही. डब्यात जिवंत रातकिडा राहिला असेल तर तेवढा चिमट्याने अलगद काढा, कारण या अवस्थेत तोच कोळ्याला कुरतडतो.

मरणारा कोळी सहसा पोटावर बसलेला असतो, पाय अंगाखाली मुठीसारखे आवळून. पायाचे मोठे सांधे सरळ करायला त्याला स्नायूच नसतात, ते काम अंगातल्या द्रवाचा दाब करतो. दाब गेला की पाय मिटतात.

आता पोस्टमधल्या ‘मेलेल्या’ कोळ्याचा फोटो जरा मोठा करून बघा. कवचाच्या कडेला फट आहे, आत फिकट, ओलसर पाय. कुणीतरी तासन्‌तास बसून टिपलेला क्षण, आणि त्यावर दुसऱ्या कुणी कवटी चिकटवलीय! असा एक फोटो मिळावा म्हणून मी ट्रायपॉड लावून काचेबाहेर रात्र काढतो, झाकणाला हात न लावता.

दुसरं, चावला की पाच मिनिटांत माणूस खलास. टॅरँट्युलाच्या विषाने माणूस दगावल्याची एकही खात्रीची नोंद नाही. पोइसिलोथेरिया नावाच्या गटातले टॅरँट्युला चावले तर स्नायूंत भयंकर गोळे येतात, तेही कधीकधी काही दिवस. म्हणून हातावर घेऊन मिरवायचं नाही, इतकंच.

तिसरं, केसांनी आंधळे व्हाल. हे नाइलाजाने अर्धं मान्य करतो. अमेरिका खंडांतल्या अनेक जाती मागच्या पायांनी पोटावरचे काटेरी केस उडवतात. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या २९ वर्षांच्या एका माणसाची हकीकत छापून आली होती. काच पुसताना त्याच्या चिलीयन रोझ जातीच्या टॅरँट्युलाने केसांचा फवारा मारला. तीन आठवडे डोळा लाल. केस बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुतलेले, आणि इतके बारीक की चिमट्यानेही निघेनात. आंधळा झाला नाही, थेंबांनी त्रास बराच ओसरला. पण मॅक्रो लेन्स लावून डब्यात नाक खुपसणाऱ्या आम्हा मंडळींनी ही गोष्ट विसरू नये. मी गॉगल घालतो. बहीण हसते, हसू दे.

चौथं, कातडीखाली अंडी घालतो. अहो, मादी अंडी रेशमाच्या पिशवीत ठेवते आणि राखत बसते. कातडीत टोचायला तिच्याकडे अवयवच नाही. पुढे.

पाचवं, निळ्या कोळ्यांचे फोटो बनावट. आंध्रातला गूटी टॅरँट्युला खरंच निळा असतो. तो रंग केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून उजेड परतल्यामुळे दिसतो. बाकी, फोटोतला रंग जरा भडक करायचा मोह मला कधीच झाला नाही, असं शपथेवर सांगणार नाही.

सकाळी बहिणीने फोटो पाठवला, हललेला, अर्धा काचेचा चकाकाच. खाली लिहिलं होतं: ‘दादा, डब्यात दोन झाल्यात! दुसरी कुठून आली?’