एका मोहाची हजार रोपं म्हणजे जंगल नव्हे

वृक्षलागवडीच्या ग्रुपवरचा एक मेसेज आता काकांच्या रोपवाटिकेत पोचलाय आणि तिथं त्याबरहुकूम बी वेचायची तयारी चाललीय. म्हणे, हवाई बेटावरच्या मावना केआ डोंगरावरची सिल्व्हरसोर्ड ही वनस्पती दोनच झाडांच्या बियांवर वाचली, संत्र्याच्या बागाही एकाच वाणाच्या. म्हणून मोहाचं एक भरघोस झाड निवडा, त्याच्याच बियांची हजार रोपं लावा. पुढं विविधता आपोआप येते.

वाचली कुठं? शेळ्या-मेंढ्यांनी संपवत आणलेल्या या वनस्पतीची शेकडो रोपं लावली, हे खरं. पण १९९७ साली ‘कन्झर्व्हेशन बायोलॉजी’ या शोधपत्रिकेत रोबिशो, फ्रायर आणि माउंट या संशोधकांनी दाखवलं की ती सगळी दोनच मातृझाडांची लेकरं-नातवंडं दिसतात. ही वनस्पती स्वतःचा पराग नाकारते. नकार ठरवणारी जनुकं जुळली तर भावंडांचाही. त्यात ती साधारण एकदाच फुलते आणि मरते. त्या फुलोऱ्यात बी भरलं नाही की संपलं. शेवटी डोंगरावरच्या मूळ झाडांचा पराग आणून हातानं लावावा लागला. मेसेजवाल्यानं नेमकी फसलेली गोष्टच यशाची म्हणून खपवलीय.

संत्र्याचं अर्धं मान्य. जंभेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम केलं की फळ एकसारखं येतं. पण खोडातून डिंक गळणारा डिंक्या रोग येऊ नये म्हणून १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी अशी बोर्डो पेस्ट खोडाला फासायला तिथं शेतकरी उभा असतो. रानातल्या मोहाला कोण फासणार?

आपोआप विविधता येते म्हणे! उलट दर पिढीला ती घटते. पुढं बी देणारी झाडं दोनच असली तर एका पिढीत विविधतेचा चौथा हिस्सा जातो, पन्नास असली तर शंभरावा. आणि मोह पहिल्यांदा फुलायलाच दहाएक वर्षं घेतो.

बी वेचायचंच तर वेगवेगळ्या शिवारांतली तीसेक झाडं धरा, दोन झाडांत निदान शंभर मीटर अंतर ठेवा. प्रत्येकाच्या पन्नास बिया, वेगळ्या पिशवीत, चिठ्ठीसकट. रस्त्याकडेच्या एकाच लदबदलेल्या झाडाखाली पोतं भरू नका. मोहाचं बी टिकत नाही, ताजंच पेरा. रोपं निवडतानाही सगळ्या वाफ्यातली उंच तेवढी उचलू नका, ती एकदोन झाडांचीच निघतात. प्रत्येक मातृझाडाच्या रोपांतून वेगळी निवड करा.